वहिनीच्या वजनाचं पोतं

दादा, आधी महत्त्वाचं सांगते, बाकीचं मागून. कार्ब्युरेटरमध्ये अक्षता होती.

एकच दाणा. कुंकवाने लाल झालेला आणि फुगून टम्म झालेला. पुढच्या कार्ब्युरेटरच्या तोंडाशी जे बारीक भोक आहे ना, जिथून हवा आत शिरली की आतला पिस्टन वर उचलला जातो, त्या भोकात तो असा बसला होता की कुणी मापाने घासून बसवलाय असं वाटावं. दसऱ्याला घाटात तू म्हणालास, "पमे, हिचा श्वास कोंडतोय. आत काहीतरी अडकलंय." आणि मी म्हणाले, "आत काही नाही, तुझा हट्ट अडकलाय." तर दादा, हट्ट नव्हता. तांदूळ होता. तू बरोबर होतास. हे तीन शब्द ऐकायला तू सगळं आयुष्य घालवलंस, आणि मी म्हणाले तेव्हा तू नाहीस. म्हणजे जाता जाताही माझ्यावर कुरघोडी केलीसच.

तू गेल्यावर सोसायटीने खालच्या फळ्यावर तुझा फोटो लावला आणि लिहिलं, शांत, मनमिळाऊ आणि सर्वांना सांभाळून घेणारे. वहिनीने आणि मी तो फळा वाचला आणि एकमेकींकडे बघितलं. ज्याच्या गाडीच्या आवाजाबद्दल त्याच फळ्यावर नोटिसा लागायच्या, तो शांत. वरच्या मजल्यावरच्या नाडकर्ण्यांनी जॅक मागितला म्हणून ज्याने त्यांच्याशी वर्षभर अबोला धरला, तो मनमिळाऊ. मला हसू यायला लागलं आणि लगेच रडू. वहिनी म्हणाली, "पमा, लोक बघतायत, वर चल." म्हणून मी ठरवलं, तुझ्याबद्दल जे लिहायचं ते मीच लिहीन आणि कोंबडीपासून सुरुवात करीन.

वाचणाऱ्यांना वाटेल कोंबडी म्हणजे कोंबडी. तर सांगते. अंबरनाथला तुझ्या कारखान्याच्या जुन्या साहेबाच्या बंगल्यामागे ती पडून होती. विलायती, दोन सीटांची, उघड्या टपाची, बसकी स्पोर्ट्स कार. साहेब कधीच मायदेशी गेला होता, बंगला माळ्याच्या ताब्यात होता आणि माळ्याच्या कोंबड्या ड्रायव्हरच्या सीटवर अंडी घालायच्या. तू मेंटेनन्सला होतास. बंगल्यातली वायरिंग बघायला गेलास आणि संध्याकाळी घरी येऊन माझ्या कानात म्हणालास, "पमे, घाणीच्या खाली लाल रंग आहे. थुंकी लावून बघितलं." पुढे तू साहेबाच्या वकिलाला इतकं छळलंस की त्याने कंटाळून गाडी तुझ्या नावावर केली. टेम्पोला दोरी बांधून आपण ती बदलापूरला आणली. आईने बघितलं आणि विचारलं, "हिच्यात बसायचं की झोपायचं?" पुढचं वर्षभर तिच्यातून पिसं निघत राहिली. तिचं विलायती नाव आपल्या तोंडात कधी बसलं नाही, कोंबडी मात्र बसलं ते बसलंच.

मी तेव्हा ड्रॉइंग ऑफिसात नवीन लागले होते. आई म्हणायची, मुलीच्या जातीने गाडीखाली झोपणं बरं दिसत नाही. तू म्हणालास, "मग मी खाली झोपतो, ती वरून सांगेल." तेव्हापासून तू खाली आणि मी वर. टॅपेटची गॅप मी लावायची, तू पाने द्यायचे. गल्लीतलं कुणी विचारलं की मेकॅनिक कोण, तर तू माझ्याकडे बोट दाखवायचास आणि विचारणाऱ्याचं तोंड बघत बसायचास. गाडी चालवायलाही तिच्यातच शिकवलंस. ह्याचे मी कधी आभार मानले नाहीत. आपल्याकडे आभार मानले तर "बरं वाटत नाही का" असं विचारायची पद्धत. आता विचारायला तू नाहीस, तर मानून घेते.

मग तुझं लग्न झालं आणि तू ती चूक केलीस.

लग्नाला महिनाही झाला नव्हता. नव्याचे नऊ दिवस अजून चालू होते. सुमनवहिनीला कोंबडीत बसवून तू माथेरानला निघालास. ती तिच्या लग्नातल्या हिरव्या शालूत, डोक्याला रुमाल बांधून, आणि तू डोळ्यांवर काळा चष्मा लावून. वांगणीपर्यंत लोक वळून बघत होते म्हणे. नेरळ सोडलं आणि घाट सुरू झाला. तो चढ काय आहे ते ज्याने गाडी घातली त्यालाच ठाऊक. जुम्मापट्टीच्या वरच्या वळणावर कोंबडीने मान टाकली. आणि तू, महिनाभराचा नवरा, बायकोला म्हणालास, "जरा उतरतेस का? वजन कमी होईल."

इथवर तरी माफी होती. पण वहिनी उतरली, गाडी खरंच चढायला लागली आणि तू थांबलाच नाहीस. थांबलो असतो तर पुन्हा उचलली नसती, हे तू मला इतक्या वेळा सांगितलंस की मला पाठ आहे. तू थेट वर दस्तुरी नाक्यावर, जिथे गाड्या थांबतात तिथे. टपरीवर दोन चहा सांगितलेस आणि बाकावर बसलास, ती चालत येईल म्हणून. तिचा चहा गार झाला की तो तू प्यायचास आणि तिच्यासाठी नवीन सांगायचास. असं तुझं दिवस कलेपर्यंत चाललं.

वहिनी वर आलीच नाही. शालू सावरत ती उतारावरून खाली नेरळला गेली, गाडी पकडून बदलापूरला आली, पदर खोचला आणि वरणभाताचा कुकर लावला. तू दिवेलागणीला तोंड पांढरं करून घरात शिरलास, तर तुझं पान वाढलेलं. तू जेवेपर्यंत ती वाढत राहिली. ताट उचलताना म्हणाली, "तुमची गाडी मला घेऊन चढेल त्या दिवशी मी तिच्यात बसेन. तोवर नाही." मी समोरच बसून भात चिवडत होते. मला वाटलं, आठ दिवसांत निवळेल. पण वहिनी देशावरची. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, तो पीळ मी घरात रोज बघितला.

ती बसली नाही म्हणजे नाही. तुमच्या मुलाच्या बारशाला ती रिक्षाने आली आणि तू मागून कोंबडीत, शेजारच्या सीटवर बाळाचा पाळणा घेऊन. भांडण नव्हतं हो, अजिबात नव्हतं. तुमच्याएवढा हसरा संसार मी दुसरा बघितला नाही. फक्त ती एक सीट तिने रिकामी ठेवली होती.

लोकांना वाटायचं तुला वेगाचं वेड आहे. उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये होतूभाईंच्या वर्कशॉपवर आपण पहिल्यांदा गेलो तेव्हा त्यांनाही तसंच वाटलं. चष्मा कपाळावर चढवून ते म्हणाले, "साईं, बोलो, कितना हॉर्सपॉवर चाहिए?" तू म्हणालास, "एक बायको चढेल इतकं." होतूभाईंनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, मी नाही, मी बहीण. सगळी हकीकत ऐकल्यावर त्यांनी पोऱ्याला सांगून लस्सी मागवली आणि म्हणाले, "ये तो पुण्य का काम है." त्या दिवसापासून त्यांनी आपल्याला गिऱ्हाईक म्हणून वागवलंच नाही, व्याह्यांसारखं वागवलं.

आणि तो जुन्या गाड्यांचा मेळावा आठवतो? पांढरी टोपी घातलेले एक गृहस्थ कोंबडीचं बॉनेट उघडून बघत होते. मोठे कार्ब्युरेटर बघितले, होतूभाईंनी वळवलेले एक्झॉस्टचे चार पाइप बघितले, आणि असा चेहरा केला की जणू देवळात कुणी चप्पल घालून आलंय. म्हणाले, "अशी गाडी ओरिजिनल ठेवायची असते. हे पाप केलंत तुम्ही." तू शांतपणे म्हणालास, "पाप मी आधीच केलंय साहेब, घाटात. हे प्रायश्चित्त आहे." मी तेव्हा त्या टोपीवाल्यांच्या बाजूने होते, तुला माहीत आहे. जी वस्तू ज्याने जशी काढली तशी ठेवावी, असं ड्रॉइंग ऑफिसात आयुष्य काढलेल्या बाईला वाटणारच. पण तू ते प्रायश्चित्त म्हणालास तेव्हा मी तोंड फिरवून डोळे पुसले, हे तुला मी सांगितलं नव्हतं.

खरी भांडणं पुढे, आपण दोघं रिटायर झाल्यावर झाली. तोवर तू अधूनमधून काहीतरी करायचास, आता रोजचंच झालं. सकाळी मी अंबरनाथहून बदलापूरच्या खरवईला तुझ्या पार्किंगमध्ये हजर, आणि वहिनी वरून गॅलरीतून चहाची किटली दोरीने खाली सोडायची. तू हेड घासून घेतलंस, कॉम्प्रेशन वाढवलंस, आणि कुठूनतरी रेसच्या गाडीचा कॅमशाफ्ट, म्हणजे इंजिनाच्या झडपा उघडणारा दांडा, पैदा केलास. कोंबडी काटई रोडला अशी पळायला लागली की मोटरसायकलवरची पोरं मागे राहायची. आणि घाटात आधीच्यापेक्षा वाईट. पहिल्याच चढाला धापा टाकायची.

मी तुला कागदावर इंजिनाच्या ताकदीचा वक्र काढून दाखवला. म्हटलं, "दादा, तुझे सगळे घोडे वरच्या मजल्यावर राहतात. इंजिन जोरात फिरलं तरच ते खाली बघतात. घाटात इंजिन हळू फिरतं, तिथे एकही घोडा हजर नाही." तू दोन दिवस फुगून बसलास. तिसऱ्या दिवशी फोन केलास, "मग खालच्या मजल्यावरचे घोडे काढून दे." मी कॅमचं नवीन ड्रॉइंग काढलं आणि होतूभाईंनी ओळखीच्या ग्राइंडरवाल्याकडून तो घासून आणला. मला उगाच मोठेपणा नको, पण तो कॅम माझा आहे. कार्ब्युरेटर तुझे, कॅम माझा. हे जगाला कळलं पाहिजे.

आता प्रश्न आला तपासायचं कसं. वहिनी तर बसणार नाही. तिच्या वजनाचं काहीतरी सीटवर ठेवायला हवं आणि वजन विचारायची तुझी हिंमत नाही. होतूभाई म्हणाले, "मैं पूछूँ भाभीजी को?" तू त्यांच्या हाताला धरून ठेवलंस. शेवटी युक्ती तुझीच. वहिनीला स्कूटरवर मागे बसवून तू मंडईला निघालास आणि मी स्टीलची पट्टी घेऊन मागच्या चाकाशी वाकले. मडगार्ड जमिनीपासून किती वर आहे ते मोजायचं होतं.

"काय गं शोधतेस?" वहिनीने विचारलं.

"हवा बघतेय."

"पट्टीने?"

तू स्कूटर सोडलीस ती थेट नाक्यापर्यंत. मग दुपारी ती झोपल्यावर स्कूटरवर तिच्या जागी आपण तांदळाचं पोतं ठेवलं, तू पुढे बसलास, आणि पट्टीवर तीच खूण येईपर्यंत मी पोत्यावर पिशव्या चढवत राहिले. एक भरलेलं पोतं आणि वर काही. आकडा लिहीत नाही, वहिनी हे वाचणार आहे.

त्या पोत्याला तू तिची जुनी ओढणी गुंडाळलीस, तांदूळ सांडू नयेत म्हणून, असं तू म्हणालास. दोरीने सीटला बांधलंस. नेरळच्या टॅक्सीवाल्यांची करमणूक झाली. एकाने विचारलं, "काका, माथेरानला तांदूळ मिळत नाही का?" तू म्हणालास, "ही आमची सौ. आहे." मी वळणावर हातात दगड घेऊन उभी, गाडी थांबली तर चाकाखाली घालायला. बऱ्याचदा घातला.

वहिनीला सगळं कळलं कसं, ते तिने कधी सांगितलं नाही. एक दिवस पार्किंगमध्ये उतरली, ओढणीतल्या पोत्यासमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि म्हणाली, "ही मी का?" तू चक्क पोत्यामागे गेलास. मला वाटलं, आता काही खरं नाही. पण ती म्हणाली, "मी हल्ली बारीक झालेय. थोडं काढा त्यातलं." आणि वर निघून गेली.

पुढच्या महिन्यात चमत्कार झाला. दर फेरीला कोंबडी वळणाच्या थोडी जास्त वर जायला लागली. तू कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये काही केलं होतंस, तुला वाटलं त्याचाच गुण. तू होतूभाईंना पेढे दिलेस. मलाही वाटलं, माझ्या कॅमचा गुण. दोघंही आपलंच घोडं पुढे दामटत होतो. मग एका रविवारी दोरी बांधताना पोतं माझ्या एका हाताने उचललं गेलं. वहिनी गपचूप रोजच्या भाताला त्यातलेच तांदूळ काढत होती. आपण दोघं तेच तांदूळ रोज दुपारी तिच्या हातचे, आमटीबरोबर, दोन दोन वेळा मागून घेऊन खात होतो. तू पार्किंगमध्ये खाली बसून इतका हसलास की वॉचमन पाणी घेऊन आला. वहिनीला विचारलं तर म्हणाली, "मीच सांगितलं ना थोडं काढा म्हणून. तुम्ही काढलं नाहीत, मी काढलं."

तो तुझा हसतानाचा चेहरा मी जपून ठेवलाय. फळ्यावरच्या फोटोत तू कुणा दुसऱ्याच्या लग्नातला वाटतोस. तो फोटो मी काढायला लावणार आहे.

मग आला दसरा. पोतं पुन्हा भरलेलं, पट्टीने मोजून. माझा कॅम, तुझे कार्ब्युरेटर, होतूभाईंचे पाइप, सगळं जमून आलं होतं, आणि तू ठरवलंस की दसऱ्याच्या मुहूर्तावर चढायचं. आदल्या दिवशी काटई रोडवर ती अशी ओढत होती की तू मला म्हणालास, "पमे, उद्या चढली की परवा सुमन." हवेचे फिल्टर काढून ठेवले होतेस, तेवढेच चार श्वास जास्त म्हणून. सकाळी झेंडूचं तोरण, हळदकुंकू. जगात सगळे बॉनेटवर स्वस्तिक काढतात. तू बॉनेट उघडलंस. म्हणालास, "पूजा इंजिनाची करायची असते, पत्र्याची नाही." आणि त्याच पोत्यातले तांदूळ, कुंकवात भिजवलेले, मूठभर, लग्नात टाकतात तसे टाकलेस. फिल्टर नसलेल्या कार्ब्युरेटरवर. मी शेजारी उभी होते, टाळ्या वाजवत होते.

घाटात काय झालं ते तुला माहीतच आहे. वळणाच्या खूप खालीच ती खोकायला लागली. मी पळत खाली आले आणि दगड घातला. तू म्हणालास श्वास कोंडतोय. मी म्हणाले, "हॉर्सपॉवरने घाट चढत नाहीत दादा, गिअरने चढतात. मागच्या चाकांना फिरवणाऱ्या डिफरन्शलचे दात बदल, कमी दातांनी कुणीही चढेल." तू म्हणालास, "दात बदलणं म्हणजे म्हाताऱ्याच्या हातात काठी देणं. ती काठी टेकत सुमनला घेऊन जायची? ती स्वतःच्या जोरावर चढली पाहिजे." मी म्हणाले, "मग बस दगडावर." आणि तू खरंच त्या दगडाशेजारी बसलास. मग खाली येऊन नेरळला वडे खाल्ले, तुझा एक वडा मी पळवला, तू माझा चहा. विषय दिवाळीनंतरचा ठरला. दिवाळी आली, तू नाहीस. माझ्या चकल्या नरम पडल्या आणि कुणी त्यावर काही बोललं नाही, तेव्हा मला समजलं की तू गेलायस.

होतूभाई भेटायला आले. वहिनीसमोर हात जोडून बसले. मग खिशातून एक्झॉस्टचं गास्केट काढलं आणि म्हणाले, "भाभीजी, ये बाकी रह गया था." वहिनीने ते दोन्ही हातांनी घेतलं आणि देवघरात ठेवलं. अजून तिथेच आहे, बाळकृष्णाच्या मागे.

मग इमारतीला रंग द्यायचा निघाला आणि पार्किंग मोकळं करा म्हणाले. मी कोंबडी सुरू केली, ती तशीच खोकली. मला तुझा राग आला, तिचा आला, कार्ब्युरेटर फोडून टाकावासा वाटला. मी पाना घेतला आणि खोलला. तिथेच पार्किंगमध्ये, जुन्या टॉवेलवर. वहिनी किटली घेऊन स्वतः खाली आली होती, आता दोरी धरायला खाली तू नव्हतास ना. मी पिनेने तो दाणा काढला आणि तळहातावर धरला. ती वाकून बघत राहिली.

"ही ह्यांची अक्षता," ती म्हणाली. आणि दादा, ती हसायला लागली. इतक्या आठवड्यांत पहिल्यांदा. हसता हसता रडली, रडता रडता पुन्हा हसली, मला म्हणाली, "लग्नात पण ह्यांनी माझ्या डोळ्यात टाकली होती." मग डोळे पुसले, किटली टायरवर ठेवली आणि विचारलं, "आता श्वास मोकळा झाला का हिचा?"

मी म्हटलं, झाला.

"मग रविवारी जाऊ. तुझी दातांची भानगड न करता. हे म्हणाले होते ना, तिच्या जोरावर."

रविवारी ती पार्किंगमध्ये आली तर अंगावर तो हिरवा शालू. घड्यांवर विरलेला, पण तोच. डोक्याला रुमाल. कोंबडीचं दार उघडून उभी राहिली. सीटवर पोत्याच्या दोरीचा वळ उमटला होता, त्यावर तिने हात फिरवला. मग एकदाची बसली. मी किल्ली दोनदा उलटी घातली, तेव्हा तिने माझ्या हातावर हात ठेवला. "पोत्यात आणि माझ्यात एक फरक आहे," ती म्हणाली, "मी तुला धीर देऊ शकते."

वांगणीपर्यंत लोक वळून बघत होते. नेरळला त्या टॅक्सीवाल्याने ओळखलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं, शालू बघितला आणि नुसता हात कपाळाला लावला. चढ सुरू झाला. दुसरा गिअर, पाय तळाशी. पाइपांचा आवाज दगडांवर आपटून परत येत होता. वहिनी पुढे वाकून बसली होती, जणू ढकलतेय. जुम्मापट्टी गेली. ते वळण दिसायला लागलं, आणि कोंबडी ओढत होती, ओढतच होती.

आणि वहिनी म्हणाली, "थांबव."

"वहिनी, इथे थांबले तर पुन्हा उचलणार नाही."

"मी इथे उतरले होते. इथूनच बसणार."

मी थांबवली. काय करणार, पीळ तो पीळ. ती उतरली, शालूच्या निऱ्या सारख्या केल्या, रस्त्याच्या कडेला जिथे तेव्हा उभी राहिली असेल तिथे थोडी उभी राहिली. खाली वळणावळणाचा रस्ता बघितला, ज्या रस्त्याने ती चालत गेली होती. हातात दगड घेऊन उभं राहायला आज कुणी नव्हतं. हँडब्रेक मी दोन्ही हातांनी धरला होता. मग ती परत येऊन बसली आणि तिने दार लावलं.

दादा, मी पहिला गिअर टाकला, तुझं नाव घेतलं, माझ्या कॅमचंही घेतलं, आणि क्लच सोडला. जळका वास आला. गाडी वीतभर मागे गेली, माझं काळीजही गेलं. मग तिने श्वास घेतला. मी ऐकला तो, दोन्ही कार्ब्युरेटरांनी एकदम घेतलेला. आणि ती निघाली. शालूसकट, वहिनीसकट, माझ्या रडण्यासकट, वळणावरून वर. खालच्या मजल्यावरचे सगळे घोडे हजर होते. वहिनीने दोन्ही हात वर केले, उघड्या टपातून, पोरीसारखे.

वर दस्तुरीला गाडी लावली. वहिनी उतरली आणि विचारलं, "हे कुठे बसले होते?"

मी टपरी दाखवली. माणसं बदललीत, बाक तोच दगडी आहे. ती तिथे जाऊन बसली, शेजारी जागा सोडून. टपरीवाल्याला म्हणाली, "दोन चहा. एकात साखर जास्त."

चहा आले. तिने एक स्वतःच्या हातात घेतला, दुसरा शेजारच्या मोकळ्या जागेवर ठेवला, आणि त्या जागेकडे बघून अगदी सहज, घरात शिरताना म्हणावं तसं म्हणाली, "आले हो. जरा उशीर झाला."

मी उभीच. मला पुढे येववेना. तेव्हा तिने तो दुसरा कप उचलून माझ्यासमोर धरला.

"घे," ती म्हणाली, "आता गार नको करू."

मी प्यायले, दादा. फार गोड होता.